वृद्धांच्या वॉर्डच्या इन्चार्ज झालात? आधी ओव्हर बदला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नऊ वर्षं आयसीयूत काढल्यावर तुम्हाला वृद्ध रुग्णांच्या वॉर्डची इन्चार्ज केलंय. बाकीचे म्हणतात, ‘हलका वॉर्ड मिळाला, मजा आहे.’ प्रत्यक्षात महिन्याभरात तीन रुग्ण पडले, एकाच्या टाचेला बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) झाला, दोन सिस्टरांनी बदली मागितली. टीम दिवसभर पळत असते आणि तरी नातेवाइकांचं म्हणणं एकच, ‘आमच्याकडे कोणी बघत नाही.’ ही टीम कशी चालवायची आणि सुरुवात कुठून करायची?

मी असा अठ्ठावीस खाटांचा वॉर्ड पंधराएक वर्षं चालवला. मीही आयसीयूतूनच आले होते आणि पहिले सहा महिने तिथल्याच सवयीने चुकत होते. आयसीयूत संकट आवाज करत येतं. मॉनिटर वाजतो, आकडा लाल होतो, सगळे धावतात. इथे ते गुपचूप येतं. काल स्वतःच्या हाताने पाणी पिणारे आजोबा आज पेला धरत नाहीत, याला कुठलाही अलार्म नाही. वाजेल तिकडे धावायची सवय लागलेल्या टीमला हे दिसतच नाही. दिसतं तेव्हा आजोबा खाटेला खिळलेले असतात.

म्हणून मला एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळं तिच्याच आजूबाजूचं. तुमच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना जी ओव्हर दिली जाते, म्हणजे जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक रुग्णाची जी माहिती सांगते, ती एकदा लक्ष देऊन ऐका. ‘अँटिबायोटिक गेलं, ड्रेसिंग झालं, कॅथेटर आहे, युरिन आउटपुट ठीक, डायपर बदलला.’ काय काय करून झालं याची यादी. त्या रुग्णाला काल काय जमत होतं आणि आज काय जमतंय, हे त्यात कुठेच नसतं. तुम्हाला टीम बदलायची असेल तर हे वाक्य ओव्हरमध्ये आणा, आणि तेही प्रत्येक रुग्णाच्या नावानंतर पहिलं वाक्य म्हणून. उदाहरणार्थ: ‘बेड सात. घरी काठी घेऊन चालायचे. काल दोघांच्या आधाराने खुर्चीत बसले, आज एकाच्या आधाराने. जेवण अर्धं.’ मग औषधं, मग बाकीचं.

यासाठी टीमला आधी हे पटायला हवं की म्हातारपण वेगळं आणि फ्रेल असणं, म्हणजे छोट्याशा आजारानेही कोलमडण्याइतकं खचलेलं असणं, वेगळं. नव्वदीतला माणूस टुणटुणीत असू शकतो, अडुसष्टचा फ्रेल असू शकतो. लिंडा फ्रीड या डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये पाच खुणा मांडल्या: न ठरवता घटलेलं वजन, सतत थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर तो रुग्ण फ्रेल. वॉर्डात रोजच्या वापराला मात्र कॅनडातल्या केनेथ रॉकवूड यांच्या गटाने 2005 मध्ये आणलेली मोजपट्टी सोपी पडते. सुरुवातीला तिच्यात सात पायऱ्या होत्या, नंतर नऊ झाल्या. ठणठणीत माणूस पहिल्या पायरीवर, अखेरच्या आजारातला नवव्या. ती वापरताना जवळजवळ प्रत्येक नवी सिस्टर एक चूक करते: समोर तापाने फणफणलेला रुग्ण दिसतो त्यावरून आकडा देते. आकडा द्यायचा तो आजारी पडण्याआधीचा, साधारण दोन आठवड्यांपूर्वी तो माणूस घरी कसा होता त्यावरून. म्हणजे नातेवाइकांना विचारणं आलं. ‘घरात चालायचे का? आंघोळ स्वतः करायचे का? पैशांचा हिशोब कोण बघायचं?’ हे तीन प्रश्न भरतीच्या दिवशीच विचारून केस पेपरच्या पहिल्या पानावर लिहायचे. एवढं केलं की सगळ्या टीमला कळतं, या माणसाला परत कुठवर न्यायचंय. हे माहीत नसलं की खाटेवर पडलेला प्रत्येक म्हातारा ‘बेडरिडन’ ठरतो, आणि मग खरंच होतो.

एक प्रसंग सांगते. न्यूमोनियाने आलेल्या एक आजी, वय 84. तिसऱ्या दिवशी सकाळची ओव्हर अशी: ‘शांत झोपल्या, काही त्रास नाही, व्हायटल्स स्टेबल.’ सगळ्यांना हायसं वाटलं, कारण आधीचे दोन दिवस त्यांनी बेल वाजवून वाजवून सगळ्यांना जेरीस आणलं होतं. पलीकडे चादरी रचत असलेली वॉर्डातली मावशी मध्येच म्हणाली, ‘सिस्टर, आज त्यांनी मला वेणीवरून बोलणी नाही घातली.’ आजींना वेणी स्वतःच घालायची असायची. मावशीने कंगव्याला हात लावला की फटकन हात झटकायच्या. आज मावशीने केस विंचरले, वेणी घातली, रबर लावलं, आणि आजींनी मानसुद्धा वळवली नाही.

मी जाऊन बघितलं. डोळे उघडे. हाक मारली की बघायच्या, पुन्हा नजर कुठेतरी भलतीकडेच. महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगितली तर ‘डिसेंबर’ म्हणाल्या आणि तिथेच अडकल्या. बेंबीखाली हात ठेवला तर गच्च. ब्लॅडर स्कॅनरने आठशे मिलीच्या वर आकडा दाखवला. आदल्या रात्री झोप लागावी म्हणून ॲलर्जीची जुन्या पद्धतीची, गुंगी आणणारी गोळी दिली गेली होती. ती लघवी तुंबवते आणि म्हाताऱ्या मेंदूला भ्रमातही टाकते, दोन्ही. ज्याला आम्ही ‘शांत झोपल्या’ म्हणत होतो तो डिलिरियम होता, म्हणजे आजारपणात अचानक येणारा भ्रम. लघवी काढली, गोळी बंद केली, चष्मा नाकावर आणि पडदा बाजूला. चार दिवसांनी आजींनी मावशीचा हात पुन्हा झटकला. मला इतका आनंद झाला की मी टेबलाशी येऊन ते केस पेपरवरच लिहिलं.

यातून मी वॉर्डात दोन बदल केले. पहिला म्हणजे मावशी आणि मामा ओव्हरला उभे राहतील. पाठीमागे नाही, गोलात. रुग्णाच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळ हात लागतो तो त्यांचा, आणि त्यांना आपण फक्त कामं सांगायला बोलावतो. दुसरा म्हणजे ‘शांत आहेत’ हा शब्द ओव्हरमधून हद्दपार. शांत म्हणजे काय? जागे आहेत आणि शांत? उठवल्यावर उठतात आणि शांत? की उठवायला लागतंय? ओरडणारा, सलाईन ओढणारा डिलिरियम कोणालाही कळतो. गप्प पडलेला निसटतो, आणि वृद्धांमध्ये तोच जास्त धोक्याचा. ‘फोर-ए-टी’ ही छोटी चाचणी शिकवा. सावधपणा, चार साधे प्रश्न, उलटे महिने आणि अचानक झालेला बदल, एवढंच त्यात आहे. दोन मिनिटांत होते. चार किंवा जास्त गुण आले तर डिलिरियम धरून चालायचं आणि डॉक्टरांना लगेच बोलवायचं. चाचणीलाही वेळ नसेल तर नातेवाइकाला एवढंच विचारा, ‘हे तुम्हाला नेहमीसारखे वाटतात का?’ या एका प्रश्नाने माझ्या वॉर्डात जेवढं पकडलंय तेवढं कित्येक तपासण्यांनी पकडलेलं नाही.

डिलिरियम झाल्यावर आवरण्यापेक्षा तो होऊ न देणं सोपं, आणि हे आपल्या, म्हणजे नर्सिंगच्या हातात आहे. शेरॉन इनूये यांचा 1999 चा अभ्यास टीमला जरूर सांगा. सत्तरीच्या पुढचे 852 रुग्ण होते. नेहमीच्या वॉर्डात 15 टक्के लोकांना डिलिरियम झाला. जिथे ठरवून काळजी घेतली तिथे 9.9 टक्क्यांना. आणि त्या काळजीत होतं काय? चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसं पाणी, चालवणं-बसवणं, गोळीविना झोप, आणि ‘आज कोणता वार, तुम्ही कुठे आहात’ हे पुन्हा पुन्हा सांगणं. एकही महागडं औषध नाही. नव्या मुलींना हे कमीपणाचं काम वाटतं, म्हणून त्यांना आकड्यासकट सांगायचं. श्रवणयंत्राची बॅटरी बदलणं हे उपचाराचं काम आहे, समाजसेवा नव्हे.

यातच जोडून एक. गोंधळलेल्या रुग्णाच्या लघवीच्या तपासणीत जंतू दिसले की सगळ्यांना कारण सापडल्यासारखं होतं आणि पुढे कोणी शोधत नाही. वृद्धांच्या लघवीत संसर्ग नसतानाही जंतू सापडणं अगदी नेहमीचं आहे. ताप, जळजळ, लघवीची नवी तक्रार यातलं काही नसेल तर पोट साफ झालंय का, दुखतंय का, कालपासून कोणती गोळी नवी सुरू झाली, हे आधी बघायला टीमला शिकवा.

आता घाई. या वॉर्डात आमचा सगळा पाडाव घाईनेच होत होता. मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. अर्धांगातून सावरत असलेल्या एका आजोबांना शर्टाची बटणं लावायला सात मिनिटं लागली. आमची सिस्टर तीच बटणं वीस सेकंदांत लावत होती, रोज, प्रेमाने. रोज वीस सेकंदांत लावली म्हणून बारा दिवसांनी आजोबांची बोटं भरतीच्या दिवसापेक्षा वाईट झाली होती. यात कोणाचाही हलगर्जीपणा नाही. सिस्टर उलट कामसू होती. पण तिची कार्यक्षमता आजोबांची क्षमता खात होती.

खाटेवर पडून राहण्याचं नुकसान टीमला दिसत नाही, कारण ते हळूहळू होतं. रिचर्ड ॲशर नावाच्या डॉक्टरांनी 1947 मध्येच खाटेचे धोके एका लेखात मांडले होते. त्याच्याही आधी, 1935 मध्ये, मार्जरी वॉरेन या डॉक्टरांकडे लंडनजवळच्या एका रुग्णालयाचा ‘कायमचे पडून’ समजल्या गेलेल्या शेकडो वृद्धांचा विभाग आला. त्यांनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं, आणि त्यातले बरेच जण घरी गेले. 2007 मधला एक प्रयोग मी नव्या सिस्टरना हमखास सांगते: साठीच्या पुढच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस खाटेवर ठेवलं, तर प्रत्येकाच्या पायांतून सरासरी जवळपास एक किलो स्नायू गेले. ही धडधाकट माणसं होती. आपल्याकडे येतात त्यांच्याजवळ गमवायला मुळात किती असतं?

आमच्या वॉर्डाचा नियम असा होता की सकाळी नऊनंतर खाटेवर कोणी असेल तर कारण लिहिलेलं हवं. खुर्चीत बसवायला परवानगी लागत नाही, खाटेवर ठेवायला लागते. सुरुवातीला टीम वैतागली. ‘मॅडम, उठवून बसवायला दोघी लागतात, मग बाकीचं कधी करायचं?’ प्रश्न रास्तच होता. म्हणून मी सकाळच्या कामांचा क्रम फोडला. पहाटे पाचला स्पंज करायची प्रथा बंद केली (ती कोणी, कधी, कोणाच्या सोयीसाठी सुरू केली हे कोणालाच सांगता आलं नाही). आंघोळी दिवसभरात वाटल्या. प्रत्येकाची आंघोळ रोज सकाळीच व्हायला हवी, असं कुठल्याही वैद्यकशास्त्रात लिहिलेलं नाही.

डायपर आणि कॅथेटर (लघवीची नळी) ही घाईचीच अपत्यं. चालत आलेल्या माणसाला भरतीच्या दिवशी डायपर बांधला की तो तिसऱ्या दिवशी लघवीवरचा ताबा गमावतो, आणि आपण लिहितो ‘इन्कॉन्टिनंट’. रोजच्या राउंडला मी प्रत्येक कॅथेटरपाशी एकच प्रश्न विचारायची, ‘हा आज का आहे?’ ‘काल होता म्हणून’ हे उत्तर चालत नसे.

पण घाई नुसती माणसं कमी असल्यामुळे असते का? नाही, आणि इन्चार्ज म्हणून हे ओळखणं फार गरजेचं आहे. इझाबेल मेन्झीज यांनी 1960 च्या सुमाराला लंडनमधल्या एका रुग्णालयातल्या नर्सिंगचा अभ्यास केला होता. त्यांचं निरीक्षण असं, की रुग्णाच्या दुःखाची झळ लागू नये म्हणून नर्सिंगची व्यवस्था कामांचे तुकडे पाडते: एकीने सगळ्यांचं बीपी, दुसरीने सगळ्यांची औषधं, आणि रुग्णाला नावाऐवजी आजाराने आणि खाटेच्या आकड्याने हाक. मी ते वाचलं तेव्हा दचकले, कारण आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं. जी बाई रोज विचारते ‘माझा मुलगा कधी येणार’ आणि जिचा मुलगा येणार नाहीये, तिच्यापाशी थांबण्यापेक्षा बारा जणांचं बीपी घेत पळणं सोपं असतं. टीम थांबत नाही याचं कारण बऱ्याचदा आळस नसतो. थांबलं की दुखतं. त्यामुळे ‘रुग्णांशी बोला’ असं फर्मान काढून काही होत नाही. रुग्ण वाटून द्या, कामं वाटू नका. एका सिस्टरकडे सहा रुग्ण, त्यांचं सगळं तिच्याकडे, आणि शक्यतो तीन-चार दिवस तेच रुग्ण. आणि मग ती दमली, रडली, चिडली तर तुम्ही तिच्यापाशी थांबा.

तुमच्याकडे तीन रुग्ण पडले त्याविषयी. पहिला प्रश्न माझा तुम्हाला: पडल्याचं कळल्यावर तुमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? माझं पहिल्या वर्षी असायचं, ‘ड्यूटी कोणाची होती?’ परिणाम असा झाला की पडण्याच्या नोंदी कमी झाल्या. पडणं कमी झालं नव्हतं. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीमच्या चुका कमी निघतील. निघाल्या जास्त, कारण तिथली माणसं चूक उघड सांगत होती. तेव्हा तुमच्या वॉर्डात पहिल्या काही महिन्यांत नोंदी वाढल्या तर घाबरू नका, आणि वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा.

पडल्यावर आम्ही काय करायचो ते सांगते. आधी रुग्ण. लगेच उचलायचं नाही; डोकं, मान, कंबर, पाय बघायचे, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत का ते बघायचं, डॉक्टरांना बोलवायचं. त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, त्याच जागी उभं राहून, ड्यूटीवरच्या सगळ्यांनी पाच मिनिटं बोलायचं. विषय एकच: हा माणूस कुठे निघाला होता? कारण कोणीही उगाच उठत नाही. पाच वेळा विचाराल तर चारदा उत्तर येतं, संडास-बाथरूमला. एक आजोबा लागोपाठ दोन पहाटे पडले, दोन्ही वेळा साडेचारच्या सुमाराला. घरी ते आयुष्यभर त्याच वेळेला उठत आले होते. त्यांना सव्वाचारला कोणीतरी जाऊन ‘चला’ म्हणायचं, एवढाच उपाय. तिसऱ्यांदा ते पडले नाहीत. निजलेले असताना आणि उभं केल्यावर बीपी घेणं मात्र विसरू नका: आधी पाच मिनिटं आडवं, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर औषधं पुन्हा बघायला सांगायची.

खाटेचे कठडे वर करून ठेवणं म्हणजे सुरक्षा नव्हे. गोंधळलेला माणूस कठड्यावरून चढतो आणि आणखी उंचावरून पडतो. आणि हात बांधणं! माझ्या आधीच्या काळात पट्ट्या सर्रास असायच्या. बांधलेला माणूस जास्त भ्रमिष्ट होतो, जास्त झटापट करतो, त्याची कातडी सोलते. माझ्या वॉर्डात कोणाला पट्टी बांधायची तर आधी मला घरी फोन करायचा, रात्री कितीही वाजता. वर्षभरात फोन यायचे बंद झाले, कारण फोन करण्यापेक्षा रुग्णाशेजारी स्टूल टाकून बसणं सोपं वाटायला लागलं.

बेडसोअरबद्दल फार लिहीत नाही, तुम्हाला आयसीयूतून माहीत आहे. डोरीन नॉर्टन या नर्सने 1962 मध्ये वृद्ध रुग्णांच्या कामातूनच जोखमीची पहिली मोजपट्टी काढली, आज बऱ्याच ठिकाणी ब्रेडन नावाची मोजपट्टी वापरतात. कुठलीही वापरा, भरून फाइलला लावली आणि कूस बदलली नाही तर उपयोग शून्य. टाचांचं तेवढं सांगते. टाच गादीला टेकू द्यायची नाही, उशी पोटरीखाली लांब ठेवायची म्हणजे टाच अधांतरी राहते. एअर मॅट्रेस आली म्हणून टाचा विसरतात, आणि तुमच्याकडे तसंच झालं असावं.

जेवणावर मात्र थांबते. जेवणाच्या वेळी तुमच्या वॉर्डात कोण कुठे असतं ते उद्या बघा. माझ्याकडे तेव्हा औषधांची ट्रॉली फिरत असायची, डॉक्टर राउंडला यायचे, एक्सरेला न्यायला माणूस यायचा, आणि ताट रुग्णाच्या हाताला न लागणाऱ्या टेबलावर गार होत असायचं. मग ताट जसंच्या तसं परत, आणि नोंद ‘जेवण नाकारलं’. या ‘नाकारलं’ शब्दाचा मला मनस्वी राग आहे. दात डबीत होते, डबी कपाटात होती, माणूस आडवा होता. नाकारलं कोणी? जेवणाचा पाऊण तास मी सगळी कामं थांबवली. औषधांची वेळ पुढे सरकवली, राउंड नको म्हणून डॉक्टरांशी दोनदा वाजलंही. मी स्वतः एका रुग्णाला भरवायला बसायची, रोज. इन्चार्ज भरवायला बसते हे दिसलं की ते हलकं काम राहत नाही. सरळ बसवून, दात घालून, घाई न करता भरवणं, आणि जेवणानंतर तोंड स्वच्छ करणं. ठसका लागणाऱ्या रुग्णात तोंडाची स्वच्छता न्यूमोनिया टाळायला मदत करते, हे बऱ्याच सिस्टरांना माहीतच नसतं.

माणसं कमी आहेत, हे तर आहेच. त्यासाठी वर भांडावं लागेल आणि नुसतं ‘स्टाफ कमी आहे’ म्हणून कोणी ऐकत नाही. लिंडा एकेन यांच्या गटाचा 2014 चा नऊ युरोपीय देशांमधला अभ्यास हाताशी ठेवा: शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, प्रत्येक नर्सकडे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढत होती. सोबत स्वतःचा हिशोब न्या. मी एक आठवडा रोज तीन आकडे लिहिले: उठवायला दोघी लागणारे किती, भरवावं लागणारे किती, एकटं सोडता न येणारे किती. अठ्ठावीसपैकी अकरा जणांना दोघी लागत होत्या आणि रात्री ड्यूटीवर होत्या दोघी. हा कागद मेट्रनपुढे ठेवला तेव्हा ‘हलका वॉर्ड’ हा शब्द पहिल्यांदा मागे घेतला गेला. रात्रीला एक मामा वाढवून मिळाला. मागितले होते दोन.

रोस्टरचं छोटंसं: दोन नव्या मुली एका नाइटला कधीच नाहीत. आणि शिक्षा म्हणून कोणालाही या वॉर्डात पाठवू देऊ नका. मी अशी बदली दोनदा परत पाठवली. एकदा माझंच नुकसान झालं, माणूस कमी पडला, पण टीमने ते पाहिलं.

नातेवाइकांची ‘कोणी बघत नाही’ ही तक्रार खरी असते, पण अर्थ वेगळा असतो. त्यांना म्हणायचं असतं, आमच्या आईला इथे कोणी ओळखत नाही. खाटेच्या डोक्याशी एक कागद लावला: कशा नावाने हाक मारलेली आवडते, काय काम करायचे, कशाने चिडतात, कशाने शांत होतात. सरसकट ‘आजी-आजोबा’ मीही म्हणते, बहुतेकांना आवडतं. पण निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एकींनी मला सुनावलं होतं, ‘मी तुमची आजी नाही. मला बाई म्हणा.’ त्यांच्या कागदावर ते लिहिलं, आणि त्या दिवसापासून त्या औषध घेताना भांडल्या नाहीत.

मृत्यू या वॉर्डात वारंवार येईल. आयसीयूत मृत्यू म्हणजे हरलेली लढाई, तसं इथे नेहमी नसतं. कोणाच्या बाबतीत आता आराम हेच उद्दिष्ट आहे, हे डॉक्टरांकडून आणि कुटुंबाकडून वेळेवर स्पष्ट करून घेणं तुमचं काम. नाहीतर पहाटे तीनला एकटी सिस्टर छाती दाबत बसते, आणि आपण हे का करतोय हे तिलाही माहीत नसतं. रुग्ण गेल्यावर खाट लगेच भरायची घाई असते. त्या आधी दहा मिनिटं, ज्यांनी त्यांचं केलं त्यांनी एकत्र उभं राहायचं. कोणी काही बोलेल, कोणी नाही. आमच्याकडे बहुतेकदा मावशीच बोलायच्या.

सुरुवात कुठून करायची हेही तुम्ही विचारलंय. पहिले पंधरा दिवस एकही नियम बदलू नका. रोज एका रुग्णाशेजारी तासभर नुसत्या बसा, वेगवेगळ्या वेळी, हातात फाइल न घेता. त्यातली एक वेळ पहाटे साडेचारची असू दे, न सांगता, पण तपासणीला आल्यासारखं नको. किती बेल वाजतात, कोण उठायला बघतं, आपल्या दोघी कुठे अडकल्या आहेत, ते बघा. एखादी बेल तुम्हीच घ्या. मग जरा उसंत मिळाली की नाइटच्या सिस्टरला विचारा, आत्ता या क्षणी तिला कोणत्या बेडची भीती वाटते आणि कशामुळे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि सकाळी सातच्या ओव्हरमध्ये सगळ्यात आधी ते वाचून दाखवा.